अभयारण्यातलं प्लास्टिक: ताट सोपं, पाणी अवघड, पुडी सगळ्यांत अवघड

चाळीसगावहून पाटणादेवीला जाताना वनखात्याचा नाका लागतो. त्यापुढची जमीन गौताळा-औट्रमघाट अभयारण्याची. १९८६ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर अशा दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे २६० चौरस किलोमीटर पसरलं आहे. चैत्रात आणि अश्विनात नवरात्र आलं की इथे चंडिकादेवीच्या दर्शनाला माणसांची रीघ लागते. कुणी नवस फेडायला येतं, कुणी लेकराचं जावळ काढायला, कुणी नव्या सुनेला देवीच्या पायावर घालायला. यातल्या बहुतेकांना आपण अभयारण्यात आलो आहोत, हे जाणवतही नाही. त्यांच्या लेखी ते देवीला आलेले असतात.

खानदेशातल्या राखीव जंगलांचं हे वेगळेपण आधी समजून घ्यायला हवं. नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळच्या पठारावर महाशिवरात्रीला गोरक्षनाथाची यात्रा भरते. सातपुड्याच्या कुशीतल्या मनुदेवीला वर्षभर मानता चालतात. श्रावणात कॉलेजची पोरं धबधब्यांकडे धावतात, तर रावेर-यावलची कुटुंबं सातपुड्यातल्या पाल गावी जेवणाचे डबे घेऊन जातात. व्याघ्र प्रकल्पात जिप्सीत बसवून, मोजून मापून माणसं आत सोडतात. तिथले नियम इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. भाविकाला अडवून चालत नाही, आणि अडवूही नये. त्याच्या हातात काय आहे, तेवढंच बदलता येतं. तो जंगलात शिरण्याआधी बदलावं लागतं. एकदा वस्तू आत गेली आणि हातातून सुटली, की पुढे कुणाच्याच हातात फारसं काही उरत नाही.

असं का, ते सांगतो.

प्लास्टिक जंगलात कुजत का नाही

सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांतलं आपलं जंगल पानगळीचं. साग, अंजन, सालई, धावडा, पळस ही झाडं उन्हाळ्याच्या तोंडी पानं टाकतात, जमिनीवर पाचोळ्याचा थर बसतो आणि पावसाळ्यात बुरशी, वाळवी, किडे मिळून त्याचं खत करतात. पानातला पदार्थ खाऊन पचवणारे जीव लाखो वर्षांपासून इथे आहेत. कॅरीबॅगचं पॉलिथिन हे कार्बनच्या अतिशय लांब साखळ्यांचं बनलेलं असतं, आणि ती साखळी तोडून पोट भरणारे जीव निसर्गात जवळपास नाहीत. तिला मोडतं ते मुख्यतः ऊन. सूर्यातल्या अतिनील किरणांनी पिशवी कडक होते आणि तिचे तुकडे पडतात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. पिशवी दिसेनाशी झाली म्हणजे संपली, असं आपल्याला वाटतं. ती फक्त वेचता येणार नाही इतकी बारीक झालेली असते. दाट सावलीत किंवा पाचोळ्याखाली ऊनही पोहोचत नाही, तिथे ती तशीच्या तशी पडून राहते.

इथेच ‘कंपोस्टेबल’ पिशव्यांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्यावर हिरवं पान छापलेलं पाहून लोक निर्धास्त होतात. त्या खऱ्या असल्या तरी त्यांची चाचणी होते ती मोठ्या खत-प्रकल्पातल्या परिस्थितीत. तिथे ओल टिकवून धरलेली असते आणि उष्णता साठ अंशांच्या आसपास महिनोन्‌महिने राखलेली असते. पाटणादेवीच्या उतारावर माघ-फाल्गुनात ओलच नसते. तिथे टाकलेली कंपोस्टेबल पिशवी साध्या पिशवीसारखीच पडून राहते. जंगलापुरतं दोन्ही सारखंच धरलेलं बरं.

जनावराच्या पोटात काय होतं

चितळ, सांबर, नीलगाय आणि आपली गाय-म्हैस यांच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला, सगळ्यांत मोठा कप्पा म्हणजे रोमंथिका. चारा आधी तिथे भिजतो, मग रवंथ होऊन बारीक होतो, आणि पुरेसा बारीक झाला तरच पुढच्या कप्प्यात सरकतो. पिशवी बारीक होत नाही. त्यामुळे ती पुढेही सरकत नाही आणि मागेही येत नाही. एकीवर दुसरी जमते, दोऱ्या-सुतळ्यांसह त्यांचा गोळा होतो. पोट भरल्यासारखं वाटतं म्हणून जनावर चरणं कमी करतं आणि हळूहळू खंगतं. शहरातल्या गायींवर शस्त्रक्रिया करून पशुवैद्य किलोंनी प्लास्टिक बाहेर काढतात, त्याचे फोटो आपण पाहिलेले असतात. जंगलातल्या सांबराला तो डॉक्टर भेटत नाही. ते कशाने मेलं, हेही बहुतेक वेळा कळत नाही.

मुळात जनावरं प्लास्टिक खातातच का? मिठासाठी. रानातल्या चरणाऱ्या जनावरांना मिठाची ओढ असते. म्हणून ती खारी माती चाटायला ठरावीक जागी येतात. वेफर्सच्या रिकाम्या पाकिटाला मीठ आणि तेल लागलेलं असतं. कॅरीबॅगमध्ये भाताची चार शितं असतात. जनावर शितं वेगळी करून पिशवी बाजूला ठेवू शकत नाही.

दुसरा परिणाम कमी बोलला जातो. उष्ट्याच्या वासाने भटकी कुत्री जंगलात शिरतात, तिथेच राहतात, चितळांची पाडसं धरतात आणि लांडग्या-कोल्ह्यांना रोग देतात. यावलच्या जंगलात अस्वलं आहेत, आणि अस्वलाचं नाक फार तीक्ष्ण असतं. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल माणसाच्या वाटेवर येऊ लागतं, तेव्हा धोका दोघांनाही असतो.

आणि मग पाऊस येतो. पाटणादेवीजवळची डोंगरी नदी चाळीसगावात तितूरला मिळते, तितूर गिरणेला आणि गिरणा तापीला. ३१ ऑगस्ट २०२१ ला डोंगरी आणि तितूर यांना पूर आला आणि चाळीसगाव शहर पाण्याखाली गेलं, हे आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. डोंगरावरून पाणी किती झपाट्याने उतरतं, ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. ते पाणी येताना वाटेतलं सगळं घेऊन येतं. पिशव्या, बाटल्यांची झाकणं पाण्यावर तरंगतात, मोऱ्यांत आणि पुलांच्या खांबांना अडकतात. बाटल्यांचं पेट प्लास्टिक पाण्यापेक्षा जड असल्यामुळे फुटक्या बाटल्या आणि त्यांचे तुकडे तळाशी गाळात बसतात. उरलेलं तापीबरोबर उकाई धरणाकडे, सुरतेकडे आणि शेवटी समुद्राकडे जातं. जंगलात टाकलेली वस्तू जंगलातच राहते, हा आपला समजच चुकीचा आहे.

कायदा नेमकं काय सांगतो

कायदा कमी नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम २७ मध्येच अभयारण्यात कचरा टाकायला मनाई आहे. प्लास्टिकच्या पुड्यांत गुटखा, तंबाखू, पानमसाला विकायला २०१६ च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ, मिठाईच्या डब्यावरचं पातळ वेष्टण, सजावटीचं थर्माकोल अशा वस्तूंवर बंदी आहे. त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरपासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग चालत नाही. महाराष्ट्राने तर २३ मार्च २०१८ लाच स्वतःची अधिसूचना काढली होती. तिच्यात पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार आणि तिसऱ्याला २५ हजार रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. जुलै २०२२ मध्ये राज्याने आतून प्लास्टिकचा थर दिलेले कागदी कप आणि ताटल्याही त्या यादीत घातल्या.

कागदी कप यादीत का, असं चहावाले विचारतात. नुसता कागद चहाने भिजून फाटेल, म्हणून आतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पेय पंधरा मिनिटं ठेवलं, तर त्यात सुमारे २५ हजार सूक्ष्मकण उतरतात. म्हणजे जंगलाचा विचार क्षणभर बाजूला ठेवला, तरी तो कप आपल्याच पोटाला बरा नाही.

पण या सगळ्या यादीत दोन मोठी नावं नाहीत: पाण्याची बाटली आणि वेफर्स-कुरकुऱ्यांचं चकचकीत पाकीट. दोन्ही कायद्याने विकता येतात. आणि जंगलात सापडणाऱ्या कचऱ्यात डोळ्यांत सगळ्यांत जास्त भरतात त्या याच दोन वस्तू. म्हणून दंडाच्या पावत्या फाडून हा प्रश्न सुटेल, असं मला वाटत नाही. प्रत्येक वस्तूकडे वेगळं पाहावं लागेल.

ताट

हे सगळ्यांत सोपं, कारण याचं उत्तर आपल्या हाडीमाशी आहे. खानदेशात नवसाची पंगत म्हणजे वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि तूप. हिवाळ्यात शेतात भरताची पार्टी होते तेव्हा भरीत आणि कळण्याची भाकरी आजही केळीच्या पानावर वाढतात, आणि त्याशिवाय ते जेवण लागतच नाही असं सांगणारी माणसं आहेत. रावेर-यावलमध्ये केळीच्या बागेत जुनी पानं कापून टाकावीच लागतात. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत अजून लावतात. पान कुजतं, जनावराने खाल्लं तरी पचतं.

अडचण एकच, आणि ती खरी आहे: बट्टी चुरून त्यावर पातळ वरण ओतलं की साध्या पत्रावळीतून ते वाहतं. थर्माकोलची खोलगट ताटली आली ती इथूनच. यावर दोन उपाय आहेत. पानांचा दुहेरी थर देऊन साच्यात दाबलेली खोल पत्रावळ मिळते. ती पंगतीचं वरण धरते. फक्त तिच्या खाली किंवा मध्ये प्लास्टिकचा कागद नाही ना, हे उलटून पाहायचं. बाजारात तशाही येतात. दुसरा उपाय गावकीच्या भांड्यांचा. लग्नासाठी ताटं-वाट्या भाड्याने देणारी मंडळं गावोगाव आहेत, तशीच देवस्थानाने पाच-पन्नास पंगतींची भांडी ठेवावीत. मात्र ही धुवायला पाणी लागतं, आणि मे महिन्यात डोंगरावर ते नसतं. म्हणून माझं मत असं: पावसाळा आणि हिवाळ्यात स्टील, उन्हाळ्यात पान.

पाणी

इथे खरी कसोटी आहे. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो. अशा उन्हात म्हातारी माणसं आणि लहान लेकरं घेऊन आलेल्या कुटुंबाला ‘बाटली आणू नका’ म्हणणं हा अन्याय आहे. पायऱ्यांशेजारी टोपलीत बर्फ घालून बसलेली बाई ‘ठंडं पानी शे, भाऊ’ म्हणते तेव्हा ती कुणाचं वाईट करत नसते. तहान खरी आहे आणि तिचा धंदाही खरा आहे.

माणूस पैसे देऊन बाटली का घेतो, हे विचारलं की उत्तर हाती लागतं. नळाच्या पाण्यावर त्याचा भरवसा नसतो. म्हणजे कमी आहे ती भरवशाच्या पाण्याची. नाक्याजवळ सावलीत पाणपोई हवी. रांजणांना ओलं पोतं गुंडाळलेलं हवं आणि घ्यायला तोटी हवी, म्हणजे कुणी आत हात घालणार नाही. टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) कधी टाकलं, पाणी कधी तपासलं, याची तारीख खडूने पाटीवर लिहिलेली हवी. ग्रामपंचायतीत पाणी शुद्ध करण्याचं हे काम जलसुरक्षक करतोच. तेच काम यात्रेच्या दिवसांत नाक्यावर व्हायला हवं. तारीख दिसली की भरवसा बसतो. जिची विक्री बुडते त्या बाईला हीच पाणपोई चालवायला द्यावी, घरून आणलेली बाटली गार पाण्याने भरून देण्याचे दोन-पाच रुपये तिने घ्यावेत. तिची रोजी बुडवून जंगल वाचवायचं असेल, तर ते टिकणार नाही, आणि टिकूही नये.

तरीही बाटल्या आत जातीलच. त्यांच्यासाठी अनामत. नाक्यावर प्रत्येक बाटलीला एक चिकटपट्टी लावायची, दहा-वीस रुपये ठेवून घ्यायचे आणि येताना बाटली दाखवली की परत करायचे. महाराष्ट्राच्या २०१८ च्या अधिसूचनेतही बाटलीवर एक-दोन रुपयांची परतीची किंमत छापण्याची कल्पना होती. ती रुजली नाही, आणि माझ्या मते रक्कम फार लहान होती हे त्याचं एक कारण. तामिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०२२ मध्ये निलगिरी जिल्ह्यात दारूच्या काचेच्या बाटलीमागे दहा रुपये जास्त घ्यायला सुरुवात झाली, बाटली आणून दिली की ते परत मिळतात. बहुसंख्य बाटल्या परत येऊ लागल्या आणि ही पद्धत पुढे इतर जिल्ह्यांतही नेली गेली. दहा रुपयांसाठी माणूस वाकतो, आणि त्याने फेकलेली बाटली दुसरा कुणी तरी त्याच दहा रुपयांसाठी वेचतो.

‘ओझं कोण परत आणणार?’ असं कुणी म्हटलं, तर एवढंच सांगावं: भरलेली एक लिटरची बाटली किलोभर वजनाची असते, रिकामी वीस-पंचवीस ग्रॅमची. किलो वर नेणाऱ्याला रिकामी खाली आणणं जड नाही.

पुडी

वेफर्सचं पाकीट, शाम्पूची पुडी, गुटख्याची पुडी यांत प्लास्टिकचे दोन-तीन वेगवेगळे थर आणि बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा पापुद्रा एकमेकांना चिकटवलेले असतात. म्हणूनच आतली वस्तू कुरकुरीत राहते. पण हे थर पुन्हा वेगळे करता येत नाहीत, म्हणून भंगारवाला पाकिटं घेत नाही. बाटली तो किलोवर घेतो. पाकिटांचा किलो भरायला दिवस जाईल आणि पैसे मिळणार नाहीत. गोळा झालीच, तर सिमेंटच्या भट्टीत जाळायला पाठवणं हाच मुख्य मार्ग, आणि त्यासाठीची वाहतूक लहान ग्रामपंचायतीला परवडत नाही.

म्हणजे पुडी आत जाऊ न देणं हाच उपाय उरतो. यात्रेतला मूळ खाऊ आठवा: गुडीशेव, रेवड्या, फुटाणे, मुरमुरे. सगळा सुटा, तराजूत तोलून खाकी कागदात बांधून देण्यासारखा. नाक्याच्या आतल्या दुकानांना हाच माल विकायची अट घालता येते, कारण जागा वनखात्याची किंवा देवस्थानाची असते. बाहेरून आणलेलं पाकीट नाक्यावर डब्यात किंवा कागदी पिशवीत रिकामं करून घ्यावं. वेळखाऊ आहे, गर्दीच्या दिवशी रांग लागेल, कुरबुर होईल. तरी दुसरा खात्रीचा मार्ग मला दिसत नाही.

आणि ओटी. देवीच्या ओटीचं तयार पाकीट आता सर्रास मिळतं: खण, नारळ, बांगड्या, हळद-कुंकवाच्या इवल्या पुड्या आणि या सगळ्यावर एक पारदर्शक पिशवी. देवीपुढे पोहोचायच्या आत ती पिशवी फाडलेली असते. अभयारण्यातल्या देवस्थानांत प्लास्टिकचा मोठा वाटा असा श्रद्धेच्या वस्तूंबरोबर आत जातो, हे स्पष्ट बोलायला लोक कचरतात. बोलायला हवं. खणातच ओटी बांधून देता येते; आपल्या आज्या तशाच देत होत्या.

कचराकुंडी आणि काडी

जंगलाच्या आत कुंड्या वाढवा, अशी मागणी दरवेळी होते. मी तिच्या विरोधात आहे. उघडी कुंडी माकडांचं आणि रानडुकरांचं ताट होते. ती भरते तेव्हा उपसायला गाडी आत येत नाही, आणि वाऱ्याने निम्मं बाहेर उडतं. कुंडी दिसली की माणसाला हातातलं टाकून मोकळं व्हायची मुभाही मिळते. कुंड्या नाक्याच्या बाहेर हव्यात, झाकणाच्या, जिथे घंटागाडी पोहोचते तिथे.

साफसफाई करून ढीग पेटवून देणं तर त्याहून वाईट. प्लास्टिक उघड्यावर जाळलं की विषारी वायू निघतात, आणि पीव्हीसी असेल तर डायऑक्सिनसारखी घातक द्रव्यं तयार होतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळण्यासाठी पाच हजारांचा आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास पंचवीस हजारांचा दंड ठरवला आहे. अभयारण्यात आग लावणं हा तर वेगळा गुन्हा. फाल्गुनात पाचोळा कडकडीत वाळलेला असतो, तेव्हा अशा ढिगातली एक ठिणगी वणव्याला पुरते.

हे करणार कोण

वनखातं एकटं करू शकणार नाही. एका नाक्यावर दोन माणसं असतात आणि यात्रेला हजारो येतात. देवस्थान, ग्रामपंचायत आणि गावची वन व्यवस्थापन समिती यांना बरोबर बसावंच लागेल. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात ग्रामसभेचा हात जास्त बळकट आहे, कारण तो संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे आदिवासी क्षेत्र म्हणून जाहीर झालेला भाग आहे. शिवाय वनहक्क कायदा २००६ चं कलम ५ वनहक्क मिळालेल्या गावांच्या ग्रामसभेला जंगल, वन्यजीव आणि पाणलोट राखण्याचा अधिकार देतं. तोरणमाळसारख्या ठिकाणी ग्रामसभेने ठराव करून अनामतीचे पैसे स्वतः हाताळले, तर वेचणाऱ्यांची मजुरी त्यातूनच निघेल: जी बाटली परत येत नाही, तिची अनामत गावाकडे राहते.

वेळेचं गणित मात्र आधी बसवायला हवं. नवरात्रासाठी दुकानदार ओटीची पाकिटं आणि थर्माकोलच्या ताटल्या गणपतीच्या आधीच घाऊक बाजारातून भरतात. घटस्थापनेच्या आठवड्यात जप्तीची कारवाई केली, तर लहान दुकानदाराचं भांडवल बुडतं आणि पुढच्या वर्षी तो लपवून विकतो. त्यांच्याशी बोलणी आषाढ-श्रावणातच व्हायला हवीत. पत्रावळी लावणाऱ्या बायकांना मागणी त्याहूनही आधी, उन्हाळ्यातच कळवायला हवी, कारण पळसाची पानं ऐन उन्हाळ्यात फुटतात आणि तेव्हाच तोडून वाळवून ठेवावी लागतात.